अण्णांच्या गोळ्या कमी झाल्या त्याची गोष्ट

माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या गोळ्या बारा-तेरावरून निम्म्यावर आल्या आणि तब्येत बिघडायच्या ऐवजी सुधारली. हे कळल्यापासून नात्यातले दोघं-तिघं विचारतायत की नक्की काय केलं, कुठल्या डॉक्टरकडे गेलात, आमच्या बाबांचीपण एक गोळी बंद होईल का. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, आणि यातली एकही गोळी आम्ही मनाने बंद केलेली नाही. जे झालं ते डॉक्टरांसमोर बसून झालं, आणि सावकाश झालं. अण्णांची यादी बघून कुणी आपल्या घरातली गोळी कचऱ्यात टाकू नका प्लीज.

अण्णा ७४ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते, आता सांगलीत आमच्याबरोबर. बीपी जुनं, शुगर त्यानंतरची, दोन्ही गुडघे कुरकुरतात, आणि त्या वयात असतो तसा प्रोस्टेटचा त्रास. प्रत्येक दुखण्याला एक डॉक्टर. बीपीला गल्लीतले फॅमिली डॉक्टर, गुडघ्याला हाडांचे, लघवीला वेगळे, आणि मध्ये नणंदेकडे पुण्याला राहायला गेले तेव्हा तिच्या ओळखीचे आणखी एक. यातल्या कुणीही चुकीचं औषध दिलं असं मी म्हणणार नाही, ज्याच्यासमोर जी तक्रार गेली त्यावर त्याने गोळी दिली. फक्त पूर्ण यादी कुणाच्याच समोर कधी आली नव्हती, अण्णांच्यासुद्धा नाही.

साधारण वर्षभरात गाडी घसरत गेली. बीपी वाढलं म्हणून डोस वाढला. मग पाय सुजायला लागले, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायचा, म्हणून पाणी काढायची गोळी आली. मग रात्रीत चार वेळा उठणं सुरू झालं, झोप होईना म्हणून झोपेची गोळी आली. मग सकाळी तोल जायला लागला. पहाटे कधी कधी घामाघूम व्हायचे आणि हात थरथरायचे, त्याला घरात सगळे ‘अशक्तपणा’ म्हणत होते आणि त्यावर एक मल्टीव्हिटॅमिन चालू झालं होतं. आणि मग रुटीन तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मंदावलं की वाढणारा रक्तातला आकडा, १.७ आलं, आदल्या वर्षी १.२ होतं. झालं, घरात एकच गोंधळ, पुतण्याने मोबाईलवर काहीबाही वाचून डायलिसिसपर्यंत मजल मारली.

मिरजेच्या एका फिजिशियन मॅडमचं नाव शेजारच्या काकूंनी दिलं, की त्या घाई करत नाहीत. अपॉइंटमेंट घ्यायला फोन केला तर तिथल्या मुलीने सांगितलं की नुसती फाईल आणू नका, घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या, मलमं, चूर्णं, थेंब पिशवीत घालून आणा, कधीतरीच घेता तेसुद्धा.

ही पिशवी भरण्याचं काम वाटतं तेवढं सोपं नाही. अण्णांची औषधं श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात असतात. डबा उपडा केला तर निम्म्या स्ट्रिपा कापलेल्या. मेडिकलवाला पाच गोळ्या मागितल्या की कात्रीने पाच कापून देतो, त्यात गोळीचं नाव एका तुकड्यावर राहतं, एक्सपायरी दुसऱ्यावर, आणि आत काय आहे ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते मधोमध कापलेलं. रुपेरी कागदावर रुपेरी अक्षरं, मोबाईलचा टॉर्च तिरका धरून वाचावी लागतात. २०२३ च्या ऑगस्टपासून मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड छापायची सक्ती झालीय, तो स्कॅन केला की आतलं औषध, बॅच, तारखा सगळं येतं, पण तो कोडसुद्धा आमच्याकडे एका स्ट्रिपवर अर्धाच शिल्लक होता. तेव्हापासून घरात नियम केलाय, गोळ्या जास्त झाल्या तरी चालेल पण अख्खं पाकीट घ्यायचं.

यादी अण्णांनीच लिहिली. आयुष्यभर वेबिल भरलेला माणूस, फूटपट्टीने रकाने आखले. गोळीचं नाव, आतलं औषध, किती मिग्रॅ, कधी घेतो, कोणी दिली, कधीपासून, आणि कशासाठी. हा शेवटचा रकाना भरताना खरी मजा आली. चार ओळींसमोर अण्णांना काही लिहिताच येईना. ‘ही कशाची?’ ‘ती रात्रीची.’ ‘रात्रीची म्हणजे कशाची?’ ‘अगं रात्रीची म्हणजे रात्रीची!’

आतल्या औषधाचा रकाना भरल्यावर आणखी गमती निघाल्या. बीपीच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन असं जोडऔषध होतं, आणि पुण्याच्या डॉक्टरांनी बीपी जास्त दिसलं म्हणून अम्लोडिपिन ५ वेगळी लिहून दिली होती. नावं दोन, रंग दोन, आत तेच, म्हणजे रोज १० मिग्रॅ पोटात जात होतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. पॅरासिटामॉल दोन ठिकाणी, गुडघ्याच्या गोळीत ॲसिक्लोफिनॅकच्या जोडीला आणि सर्दीच्या गोळीत. रात्रीच्या कोलेस्टेरॉलच्या कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन दडलेलं. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकात घालून विकायची फार हौस. सरकारने २०१६ मध्ये ३४४ जोडऔषधांवर बंदी घातली, २०१८ मध्ये ३२८, २०२४ मध्ये पुन्हा १५६, तरी दुकानं भरलेलीच. सगळीच जोडऔषधं वाईट असतात असं नाही, अण्णांची बीपीची जोडगोळी आजही चालू आहे आणि चांगली चाललीय, पण आत काय आहे ते माहीत नसेल तर तेच औषध दुसऱ्या नावाने पुन्हा घेतलं जातं.

मॅडमनी पिशवी बाजूला ठेवली आणि आधी अण्णांना विचारलं, ‘काका, तुम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?’ आम्ही सगळे क्रिएटिनिन क्रिएटिनिन करत होतो आणि अण्णा म्हणाले, ‘गुडघे आणि झोप. बाकीचं ह्यांना जास्त वाटतंय.’

मग तपासणी. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला, तर तिथे खड्डा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. बीपी बसून घेतलं, १४८. मग उभं करून थोड्या वेळाने पुन्हा, १२२. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा जास्त खाली आला तर तो तोल जाण्याला कारण असतो असं त्या म्हणाल्या, आणि आजवर उभं करून बीपी कुणी घेतलंच नव्हतं. झोपेची गोळी, लघवीची गोळी आणि प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन, सकाळी उठताना चक्कर यायला यातली एकसुद्धा पुरते, इथे तिघी एकत्र.

त्यानंतर त्यांनी पेन घेऊन अण्णांच्या यादीवरच बाण काढले. सुरुवात गुडघ्याच्या गोळीपासून. ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन, या जातीच्या दुखण्याच्या गोळ्या रोज घेतल्या की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, बीपी चढतं, आणि टेल्मिसार्टनसारख्या औषधाचा जोर कमी पडतो. बीपी चढलं म्हणून अम्लोडिपिन डबल. अम्लोडिपिनने रक्तवाहिन्या सैल होतात, त्यात घोट्याजवळ पाणी उतरतं, आणि ते ५ पेक्षा १० ला जास्त होतं. ती सूज अंगात जास्तीचं पाणी साठल्यामुळे आलेली नसते म्हणून लघवीच्या गोळीने तिला फारसा फरकही पडत नाही. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. पण लघवीची टोर्सेमाइड आली ती आलीच, आणि अण्णा ती संध्याकाळी घ्यायचे कारण सकाळी घेतली तर कट्ट्यावर बसता येत नाही. त्यामुळे रात्रभर फेऱ्या, म्हणून झोपेची अल्प्राझोलाम, म्हणून सकाळी झोकांड्या. आणि गुडघ्याच्या गोळीने पोटात जळजळ म्हणून पँटोप्राझोल-डॉमपेरिडोनची कॅप्सूल, ती तर तीन वर्षं. एका गुडघ्याच्या गोळीमागे चार गोळ्यांची रांग लागलेली, आणि प्रत्येक वेळी नवीन त्रासाला नवीन आजार समजलं गेलं.

किडनीचंही तिथेच उत्तर होतं. टेल्मिसार्टन जातीची बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि ॲसिक्लोफिनॅक जातीची दुखण्याची गोळी, या तीन एकत्र आल्या की किडनीत जाणाऱ्या रक्ताचा दाब पडतो. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी कमी होतं, दुखण्याची गोळी किडनीत रक्त आणणारी नळी आवळते, टेल्मिसार्टन बाहेर नेणारी नळी सैल करते. एकेकटी घेतली तर बहुतेकांना चालते, तिघी एकत्र म्हातारपणात धोक्याच्या. मला धक्का याचा बसला की यातली दुखण्याची गोळी आम्ही चिठ्ठीशिवाय आणत होतो, मूळ चिठ्ठी पाच दिवसांची होती आणि गोळी दोन वर्षं चालू होती.

पहाटेच्या घामाचंही तसंच. शुगरच्या गोळीत मेटफॉर्मिनबरोबर ग्लिमेपिराइड होतं. ते स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन काढतं, तुम्ही जेवलात की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही, आणि किडनी मंदावली की त्याचा अंमल लांबतो. अण्णा रात्री एक भाकरी आणि दूध घेतात. म्हणजे तो अशक्तपणा नव्हता, शुगर उतरत होती. मॅडमनी आठवडाभर पहाटे घरच्या मशीनवर बघायला सांगितलं, तर एकदा ६२ आली. ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात.

आता औषध निवडणं म्हणजे काय हे मला त्या दिवशी समोर बसून बघायला मिळालं. मला वाटायचं डॉक्टरच्या डोक्यात या आजाराला ही गोळी असं पक्कं असतं. मॅडम प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारत होत्या, याचा उपयोग सिद्ध झालाय का, धोका किती, या माणसाला चालेल का, आणि खर्च परवडेल का. जागतिक आरोग्य संघटना नव्वदच्या दशकापासून डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना हेच शिकवते म्हणे. यातला तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा निघाला. ग्लिमेपिराइड काढायचं तर त्याच्या जागी काय? डापाग्लिफ्लोझिन हे किडनी आणि हृदय दोन्हीला चांगलं औषध, आता स्वस्तही झालंय, त्यांनी ते आधी लिहिलंसुद्धा होतं. पण ते साखर लघवीवाटे काढतं, लघवी वाढते, आणि अण्णा आधीच रात्रीचे उठतात, उभं राहिल्यावर बीपी पडतं, तेव्हा त्यांनी ते खोडलं आणि म्हणाल्या हे नंतर बघू. त्याऐवजी लिनाग्लिप्टिन दिलं, त्याला किडनीप्रमाणे डोस बदलावा लागत नाही आणि एकट्याने शुगर फार खाली नेत नाही. मेटफॉर्मिन ५०० दोनदा तसंच ठेवलं. किडनी किती गाळते त्याचा आकडा, ईजीएफआर, अण्णांचा ४१-४२ निघत होता. ३० च्या खाली गेला तर मेटफॉर्मिन बंद, ४५ च्या खाली दिवसाला १००० च्या वर नाही, त्यात ते बसत होते. आणि तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा ६.५ करायच्या मागे लागायचं नाही, या वयाला ७.५ ते ८ च्या आत असला तरी पुष्कळ, असं स्पष्ट सांगितलं. अण्णांचा ६.४ होता आणि आम्ही तो मिरवत होतो.

ॲस्पिरिनवर माझ्या नवऱ्याने हुज्जत घातली. रक्त पातळ करायची गोळी काढायची म्हणजे अटॅकला आमंत्रण, असं त्याचं म्हणणं. मॅडमनी विचारलं, अटॅक आलाय? नाही. स्टेंट? नाही. लकवा? नाही. मग त्यांनी सांगितलं की सत्तरीपुढच्या, आधी हृदयविकार नसलेल्या एकोणीस हजारांवर लोकांवर ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत अभ्यास झाला, २०१८ मध्ये निकाल आले, रोजच्या ॲस्पिरिनने हृदयाला फायदा दिसला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. ज्याला एकदा अटॅक येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे त्याचा हिशोब पूर्ण वेगळा, त्याने ही गोळी अजिबात सोडायची नाही. अण्णांना नुसती कोलेस्टेरॉलची रोसुव्हास्टॅटिन ठेवली. नवरा घरी येईपर्यंत गप्प होता.

सगळं एका दिवसात बंद होईल असं मला वाटलं होतं, पण तसं करायचं नसतं. एक बदलायचं, थांबायचं, बघायचं, मग पुढचं, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. पहिल्या दिवशी फक्त गुडघ्याची गोळी, वेगळी आणलेली अम्लोडिपिन, सर्दीची गोळी आणि शुगरच्या गोळीतलं ग्लिमेपिराइड, एवढंच. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामाइन असतं, त्याने प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडू शकते, आणि फेनिलएफ्रिन बीपी वाढवतं, तेव्हा सर्दीला वाफ आणि मिठाच्या पाण्याचे नाकात थेंब. पुढच्या भेटीत टोर्सेमाइड गेली. मग पोटाची कॅप्सूल. डॉमपेरिडोन म्हाताऱ्या माणसात हृदयाचे ठोके बिघडवू शकतं म्हणून युरोपात २०१४ पासून ते थोड्या दिवसांपुरतंच द्यायला सांगतात, आणि इथे तीन वर्षं.

पोटाच्या कॅप्सूलबद्दल एक सांगायलाच हवं कारण बहुतेक लोक इथेच हरतात. ती थांबवली की दहा-पंधरा दिवस आधीपेक्षा जास्त जळजळ होते, दाबून ठेवलेलं ॲसिड उसळून येतं. माणसाला वाटतं बघा, मला गोळीची गरजच होती, आणि पुन्हा चालू करतो. मॅडमनी हे आधीच बजावलं होतं, मधल्या काळात लागलं तर पातळ औषध दोन चमचे. अण्णांनी तोंड वाकडं करत ते दिवस काढले. पायाला मुंग्या येतात ही तक्रार होती त्यासाठी बी-१२ तपासलं, कमी निघालं. मेटफॉर्मिन आणि पोटाची गोळी दोन्ही वर्षानुवर्षं घेतल्या की बी-१२ नीट शोषलं जात नाही. म्हणजे एक गोळी वाढलीसुद्धा, पण तिचं कारण रकान्यात लिहिता आलं.

सगळ्यात चिवट निघाली झोपेची गोळी. अल्प्राझोलाम एकदम तोडायची नाही, बेचैनी होते, कधी फिटही येऊ शकते. पाव-पाव करत कमी करायची. ही गोळी चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या औषधांच्या एच-१ यादीत आहे, २०१४ च्या मार्चपासून दुकानदाराने डॉक्टर, पेशंट आणि किती दिली हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं ठेवायचं असा नियम आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये अण्णांना ती नुसत्या नावावर मिळत होती, मी जाऊन सांगितलं की आता देऊ नका तर म्हणे, ‘वहिनी, काका रागावतात हो.’ कात्रीने कापून वर हे! शेवटी टोर्सेमाइड गेल्यावर रात्रीच्या फेऱ्याच दोनवर आल्या, तेव्हा गोळी कमी करणं जमलं.

गुडघ्यांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. खरं सांगायचं तर पहिले दोन आठवडे वाईट गेले. अण्णा चिडचिड करायचे, जिना चढताना मुद्दाम मोठ्याने ‘आई गं’ म्हणायचे, माझ्याकडे बघून. दुखलं तर पॅरासिटामॉल ६५०, दिवसात जास्तीत जास्त तीन, आणि डायक्लोफिनॅकचं जेल दिवसातून तीन-चार वेळा. त्याच जातीचं औषध, पण कातडीवरून गोळीच्या मानाने अगदी थोडं रक्तात उतरतं, गुडघ्याला मात्र पोचतं. जेल हातभर लावायचं नाही, मोजून लावायचं. आणि व्यायाम, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय ताठ करून ती दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायची. मांडीचा स्नायू तयार झाला की गुडघ्यावरचा भार उतरतो. ग्रीस वाढवायच्या म्हणून ज्या महागाच्या गोळ्या होत्या त्या मॅडमनी विचारून बंद केल्या, ‘काका, याने फरक पडलाय का?’ अण्णा म्हणाले, ‘खिशाला पडलाय.’

याच काळात आत्याबाईंनी एक पुडी आणून दिली, कुणा वैद्याची, गुडघ्यावर जालीम, दोन दिवसात माणूस पळायला लागतो. मी ती मॅडमना दाखवली. म्हणाल्या, दोन दिवसात पळायला लावणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत अनेकदा स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं, त्याने शुगर आभाळाला भिडते, हाडं ठिसूळ होतात, आणि अचानक बंद केलं तर जीवावर बेततं. लेबल नाही, काय आहे लिहिलेलं नाही, तर तोंडात घालायचं नाही, ॲलोपॅथी असो की आयुर्वेद. आत्याबाई अजून माझ्याशी तुटक बोलतात.

खर्चाचं थोडक्यात. नवीन यादी ब्रँडऐवजी आतल्या औषधाच्या नावाने, मोठ्या अक्षरात लिहून मिळाली, त्यामुळे जनऔषधी केंद्रात जाता आलं. तिथे बाजारापेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असं सरकार सांगतं, आमचं बिल निम्म्याच्याही खाली आलं, अर्थात त्यात गोळ्या कमी झाल्याचाही वाटा आहे. नवऱ्याला शंका होती की स्वस्त म्हणजे लागू पडेल का. मॅडम म्हणाल्या बीपी आणि शुगरला मोजायचं मशीन आहेच, मोजा आणि ठरवा. मोजलं, फरक नाही. एकच काळजी घ्यायची, दर महिन्याला वेगळ्या रंगाची, वेगळ्या आकाराची गोळी येऊ शकते आणि म्हातारी माणसं रंगावरून ओळखतात, म्हणून आणल्या आणल्या अण्णा पाकिटावर मार्करने ‘बीपी सकाळ’ असं लिहितात.

आता आकडे. गुडघ्याची गोळी गेल्यावर महिन्याभरात घरचं बीपी अम्लोडिपिन निम्म्यावर येऊनसुद्धा १३६-१३८ च्या आसपास राहायला लागलं. सूज उतरली. क्रिएटिनिन १.३, ईजीएफआर ५७. शुगरचा आकडा ७.३ झाला आणि पहाटेचा घाम गेला. उभं राहिल्यावर बीपी अजून थोडं पडतं, त्यासाठी उठताना आधी कडेला बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं.

मॅडमनी यादीच्या खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहून दिलीय, उलट्या-जुलाब किंवा ताप येऊन खाणं-पिणं बंद झालं तर टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन घ्यायच्या आधी फोन करा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना टेल्मिसार्टनने किडनीला त्रास होऊ शकतो, आणि किडनी मंदावली की मेटफॉर्मिन अंगात साठून धोका होऊ शकतो. हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि उन्हाळ्यात सांगलीत गॅस्ट्रोची साथ दर वर्षाची. आणखी एक उपयोगाचं, औषधाने त्रास झाला तर तो कळवायला सरकारी व्यवस्था आहे, २०१० पासून, गाझियाबादहून चालते, १८००-१८०-३०२४ हा फुकटचा नंबर. डॉक्टरच पाहिजे असं नाही, पेशंट किंवा घरचेसुद्धा कळवू शकतात.

हाडांच्या डॉक्टरांना भेटायचं मला टेन्शन होतं, की तुमची गोळी दुसऱ्याने बंद केली असं तोंडावर कसं सांगायचं. मॅडमनी चार ओळींची चिठ्ठी दिली, किडनीचे आकडे आणि कारण लिहून. त्यांनी वाचली आणि म्हणाले, ‘बरं झालं सांगितलंत, मला लघवीच्या गोळीचं माहीतच नव्हतं.’ एक्स-रे बघून आता उजव्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं विचारात घ्या म्हणतायत. नवरा तयार आहे, सासूबाई नाही म्हणतात, आणि अण्णांनी भुलीच्या डॉक्टरांना दाखवायला यादीची नवी प्रत करून ठेवलीय, फूटपट्टीने रकाने आखून, ‘कशासाठी’चा रकाना पूर्ण भरलेला. दिवाळीनंतरची तारीख घ्यायची की उन्हाळ्यानंतरची, यावर घरात वाद चालू आहे.